वीस गुणांचा रकाना

अंबूबाई रायबागकरांचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयातल्या माझ्या टेबलाशी बसून संगीत शिकवणीच्या दरांच्या यादीतला ‘वाजवी’ हा शब्द खोडून ‘योग्य’ लिहीत होतो. समोर गाण्याचा क्लास चालवणारे दिगंबरबुवा आपटीकर बसले होते. ते म्हणत होते, ‘योग्य’ खोडा आणि ‘रास्त’ लिहा.

“रास्त म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं, बुवा.”

“आठवू दे की. रेशनच्या दुकानात कोणी घासाघीस करत नाही.”

एवढ्यात पोस्टमनने टेबलावर इनलँड पत्र टाकलं. मागच्या बाजूला पाठवणारीचं नाव होतं. मी ते फोडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली आणि समोरच्या कागदांखाली सरकवलं.

“कोणाचं?” बुवांनी विचारलं.

“एका पुस्तकाची चौकशी आहे.”

“लोकांना काय, फुकट वाचायला मिळतं,” बुवा म्हणाले. “एकदा तुमचंही शुल्क ठरवून टाकू.”

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची, इचलकरंजीतली. मी सांगतो आहे अगदी तशीच ती घडली का, याची मला खात्री नाही. या हकिकतीत जिथे मी बरा दिसेन तिथे वाचणाऱ्याने खुशाल शंका घ्यावी. जिथे वाईट दिसेन तिथे घेऊ नये.

सगळं सुरू झालं भूपाल मगदूम यांच्यामुळे. मगदूमआण्णांचे चोवीस यंत्रमाग होते आणि एकुलती एक मुलगी होती. मुलीला गाणं यावं असं तिच्या आईला वाटत होतं, म्हणून आण्णा एके दिवशी बुवांच्या क्लासात जाऊन उभे राहिले.

“बुवा, पोरीला गाणं शिकवायचं हाय. दर कसा लावता? मीटरवर का पीसवर?”

“संगीत म्हणजे कापड नव्हे, आण्णा.”

“ते मला कळतंय की. पण मला कापडाचाच दर कळतो, त्याला मी काय करू? तो गिटारवाला बारदेस्करसर महिन्याला तीन गाणी देतो म्हणतोय. गॅरंटी. तुम्ही किती देता?”

“सहा महिन्यांत एक राग.”

“सहा महिन्यांत एक?” आण्णा खरोखरच काळजीत पडले. “माग बंद पडलाय का काय?”

बुवा तडक वाचनालयात आले आणि हा प्रसंग त्यांनी मला दोनदा सांगितला. एकदा रागाने आणि एकदा आण्णांच्या आवाजात. मला हसू आलं ते मी वर्तमानपत्राआड लपवलं. मी बहुतेक गोष्टी वर्तमानपत्राआड करत असे.

बुवांना ठाऊक नव्हतं ते असं, की त्यांच्याआधी आण्णा अंबूबाईंकडे जाऊन आले होते. अंबूबाई गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात दोन खोल्यांत राहायच्या आणि गाणं शिकवायच्या. वय पन्नाशीचं. त्यांची आई जुन्या काळी जहागीरदारांच्या वाड्यांवर गायची. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नसे आणि कोणी विसरतही नसे. त्यांची फी ठरलेली नव्हती, पण फीचा नियम ठरलेला होता. महिन्याला घरच्या एका दिवसाची कमाई. ती किती ते ज्याचं त्याने सांगायचं. बाई चौकशी करत नसत. माग चालवणाऱ्या एका कामगाराची मुलगी अठरा रुपये देई. भाकऱ्या भाजून विकणाऱ्या बाईची मुलगी साडेचार देई. दोघींना शिकवणं एकच होतं.

मगदूमआण्णांनी बोटांवर बराच वेळ हिशेब केला आणि पंचवीस रुपये सांगितले.

“चोवीस मागांचे पंचवीस?” अंबूबाई म्हणाल्या. “म्हणजे मागाला जेमतेम रुपया सुटतो. एवढं नुकसान कशाला सोसता, आण्णा? विकून टाका. मीच घेते दोन.”

आण्णा मुलीला घेऊन उठले ते पुन्हा गेले नाहीत. पुढे वाचनालयात येऊन त्यांनी मला सांगितलं, “ती बाई फी घेत नाही ओ, इन्कमटॅक्सची धाड घालती. जास्त असू दे, पण दर ठरलेला असू दे. माझी कमाई मला विचारू नका.”

गावातल्या बऱ्याच मागवाल्यांचं हेच मत होतं. अशा रीतीने बुवांचा अपमान आणि मागवाल्यांची सोय एकत्र आली आणि ‘संगीतशिक्षक हितवर्धक मंडळ’ स्थापन झालं. मंडळात तीन शिक्षक होते. अध्यक्ष दिगंबरबुवा, गायन. खजिनदार इस्माईल मुजावर, तबला. सभासद पास्कल बारदेस्कर, गिटार. चिटणीस मी, मोरेश्वर पत्की, ग्रंथपाल.

“तुम्हाला गाता येत नाही, वाजवता येत नाही,” बुवा म्हणाले. “म्हणजे तुम्ही निःपक्षपाती.”

मी मान हलवली. मुजावरमास्तर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, असं मला तेव्हा वाटलं.

माझ्यावर काम आलं ते योग्य शुल्काचा तक्ता करण्याचं. खाजगी शिकवणीचे दर ठरवावेत कसे, याबद्दल वाचनालयात एकही पुस्तक नव्हतं. मजुरीविषयी एक जाडजूड ग्रंथ होता, त्याची वीस पानं मी वाचली आणि मला कुठलंच काम करू नये असं वाटायला लागलं. शेवटी शेतकी खात्याची एक पुस्तिका सापडली. जनावरांच्या प्रदर्शनात बैलाला गुण कसे द्यावेत याचा तीत सुरेख तक्ता होता. ठेवण तीस, वंशावळ वीस, चाल वीस, वय दहा, आणि मालकाची निगा वीस. मी त्यावरूनच केलं. परीक्षा तीस, गुरू वीस, जाहीर मैफली वीस, अनुभव दहा. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

निगेच्या जागी मी लिहिलं: शिष्याचं पत्र, वीस गुण. शिष्य प्रौढ असावा आणि पदवीधर किंवा कायम नोकरीतला असावा, अशी अट घातली. नाहीतर पोरंटोरं पत्रं लिहितील.

सत्तरच्या वर गुण, तर महिना पंचाहत्तर रुपये. पन्नासच्या वर, तर साठ. तीस आणि त्यावर, तर चाळीस. तीसच्या खाली असलेल्यांची मंडळ शिफारस करू शकत नाही. शिफारस झालेल्यांची यादी मुलींच्या दोन्ही शाळांच्या फलकांवर लागणार होती. तसं मुख्याध्यापिकांनी कबूल केलं होतं. यादीत नसलेल्या शिक्षकाकडे शाळेतली मुलगी कोण पाठवणार?

एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर पहिली बैठक झाली. आलेले अर्ज मी वाचत होतो आणि मंडळ गुण देत होतं. बुवांचे ब्याण्णव झाले. त्यांच्या शिष्येचं पत्र होतं एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नीचं. ती दोन महिने येऊन नंतर भरतकाम शिकायला गेली होती. मुजावरमास्तरांच्या परीक्षेच्या रकान्यात भोपळा होता.

“मास्तर, एखादी तरी परीक्षा द्यायची होती,” बुवा म्हणाले.

“परीक्षा घ्यायला येतो त्याला मीच शिकवलाय. माझ्यासमोर बसायला लाजतोय तो.”

बारदेस्करसरांच्या वेळी लग्नाचा ऑर्केस्ट्रा ही जाहीर मैफल धरायची का यावर पाऊण तास गेला. “लोक जेवत असतात,” बुवा म्हणाले. “तुमच्या मैफलीत झोपलेले असतात,” बारदेस्कर म्हणाले. दहा गुण देऊन तडजोड झाली आणि सर तीसला टेकले.

मग मी अंबूबाईंचा अर्ज काढला. अर्ज करतील असं कोणाला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं.

“परीक्षा?”

“नाही,” मी वाचलं.

“गुरू?”

“आई. चंद्राबाई रायबागकर.”

बुवांनी चष्मा काढला. “आईला गुरू कसं धरणार? माझ्या आईनं मला अंगाई म्हटली होती. द्या मग तिचेही वीस गुण.”

“द्या की,” मुजावरमास्तर म्हणाले. “तुमचं गाणं ऐकलं की परिणाम अंगाईचाच होतो.”

बारदेस्करसरांना ठसका लागला.

“मास्तर, थट्टा नको.”

“थट्टा कुठली? तुमच्या अर्जात गुरू कोण लिहिलंय? पत्की, वाचा की जरा.”

मी बुवांचा अर्ज उलटला. “वडील. कैलासवासी शंकरबुवा आपटीकर.”

“त्याचे किती दिले?”

“वीस.”

बुवांनी काढलेला चष्मा पुन्हा घातला.

“वडील बुवा होते,” दिगंबरबुवा म्हणाले. “फरक आहे.”

फरक काय, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना तो ठाऊक होता. मैफलींच्या रकान्यातही तेच झालं. मैफल जाहीर असल्याचा पुरावा म्हणून हँडबिल जोडावं अशी अट होती. अंबूबाई आणि त्यांची आई जिथे गायल्या तिथल्या यजमानांनी हँडबिलं छापली नव्हती. ते ऐकायला गेलो होतो हेसुद्धा घरी सांगत नसत.

अनुभवाचे दहा मिळाले. एकूण दहा.

“राहिलं शिष्याचं पत्र,” बुवा म्हणाले. “तिच्याकडे परकर-पोलक्यातल्या पोरी. पदवीधर शिष्य कुठून आणणार? बाद.”

“एक आठवड्याची मुदत देऊ,” मी म्हणालो. “नियमाप्रमाणे. पत्राचे वीस मिळाले तर तीस होतात.”

बुवांनी भुवया उंचावल्या, पण नियम म्हटलं की ते नमत. या सगळ्या प्रकरणात मी दाखवलेलं धैर्य म्हणजे एवढं एक वाक्य. पुढे शोधू नये.

गुरुवारी अंबूबाईंचं ते पत्र आलं. ते असं होतं.

‘पत्कीभाऊंस सप्रेम नमस्कार. तुमचा तक्ता वाचला. नीट केला आहे. मला वीस कमी पडतात. माझ्याकडे शिकलेल्यांत पदवी असलेले तुम्ही एकटेच. चार वर्षांत मी तुम्हाला काय शिकवलं ते दोन ओळींत लिहून द्यावं. चांगलंच लिहावं असं नाही. जे शिकवलं ते लिहावं. माझ्याकडे अकरा मुली येतात, त्यांतल्या नऊ शाळेच्या. यादी लागली की त्या यायच्या थांबतील आणि मला इथे राहणं परवडणार नाही. अडचण असल्यास तसं कळवावं, म्हणजे मी वाट पाहणार नाही. अंबू.’

होय, मी चार वर्षं अंबूबाईंकडे गाणं शिकत होतो. दर गुरुवारी दुपारी, वाचनालय बंद असायच्या वेळेत. मी एक्केचाळीस वर्षांचा, अविवाहित, नाकासमोर चालणारा माणूस. मी त्या बोळात का जातो याला काहीतरी कारण लागणार होतं. बोळाच्या तोंडाशी एका बाइंडरचं दुकान होतं. मी दर गुरुवारी वाचनालयातली दोन पुस्तकं काखेत मारून निघायचो, ती बांधायला टाकायचो आणि पुढे जायचो. फाटकी पुस्तकं वर्षभरात संपली. मग मी धडधाकट पुस्तकं नेऊ लागलो. कोणीही कधी न उघडलेला एक सोळा खंडांचा कोश मी तीनदा बांधून घेतला. जिल्ह्यातल्या वाचनालयांची तपासणी झाली तेव्हा उत्तम निगेबद्दल आम्हाला ढाल मिळाली. ती स्वीकारताना वाचनालयाच्या अध्यक्षांनी माझ्या ग्रंथप्रेमाचा उल्लेख केला होता.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, “एका दिवसाची कमाई किती?”

“बावीस रुपये.”

“एवढं शिकून बावीसच?”

“हो.”

“बसा. सा लावा.”

मी लावला. त्या म्हणाल्या, “पत्कीभाऊ, तुम्ही सूर लावत नाही, सुराची माफी मागता. पुन्हा लावा.” तीन महिने त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही. दोनदा फी परत दिली. “या महिन्यात मी तुम्हाला काही दिलं नाही, कशाचे घेऊ?” माझा आवाज गाण्याचा नव्हता, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण आठवड्यातला तो एक तास मी कोणाच्याही आड बसत नसे.

आणि वीस गुणांचा तो रकाना? तो मी त्यांच्याच साठी ठेवला होता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. तीस ही मर्यादाही मी त्यांच्या दहात वीस मिळवून काढली होती. म्हणजे मी एक दार ठेवलं, त्यातून एकच माणूस आत येऊ शकेल असं ते बेतलं, आणि मग आतून कडी लावून बसलो. कदाचित मला वाटत असेल, त्या मागणार नाहीत. मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्या गुरुवारी मी गेलो नाही. शुक्रवारी दोन ओळी लिहिल्या. ‘मी अंबूबाई रायबागकर यांचा’ इथपर्यंत ठीक जमलं. पुढचा शब्द लिहिला आणि मला बुवांचा चेहरा दिसला, मग वाचनालयाच्या अध्यक्षांचा, मग माझ्या थोरल्या वहिनींचा. त्या माझ्यासाठी साताऱ्याचं एक स्थळ बघत होत्या. कागद फाडला. शनिवारी अडचण असल्याचं कळवणारं पत्र लिहायला बसलो. अडचण कोणती ते लिहिता येईना. रविवारची बैठक कोणाच्या तरी लग्नामुळे बुधवारवर गेली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भित्र्या माणसाला मुदतवाढीइतका दुसरा आनंद नाही.

मंगळवारी संध्याकाळी अंबूबाई स्वतः वाचनालयात आल्या.

वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती सातआठ माणसं होती. निळं लुगडं, हातात छत्री. सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली आणि मग एकदम वर गेली. बाई सरळ माझ्या टेबलाशी आल्या. मी खतावणी उघडली, कारण ती सगळ्यात मोठी होती.

“वाचनालयाचं सभासद व्हायचं आहे,” त्या म्हणाल्या.

मी छापील अर्ज काढला. टाक शाईत बुडवला. आणि मी विचारलं,

“आपलं नाव?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी बेसूर झालो की त्या जशा पाहायच्या, तसंच. रागावून नव्हे, स्वर कुठे गेला ते शोधत.

“अंबूबाई चंद्राबाई रायबागकर,” त्यांनी सावकाश सांगितलं. “लिहून घ्या.”

मी लिहिलं.

“राहणार?”

“गावभाग. बाइंडरच्या दुकानापुढे चौथं घर.” त्यांनी जरा थांबून म्हटलं, “सापडायला सोपं आहे.”

टेबलावरचं एक वर्तमानपत्र हललं.

“वर्गणी दोन रुपये,” मी म्हणालो. “आणि... एका जुन्या सभासदाची सही लागते. ते तुम्हाला ओळखतात म्हणून.”

“लागतेच का?”

“नियम आहे.”

“नियम तुम्ही छान करता,” त्या म्हणाल्या. त्यांनी टेबलाभोवतीच्या माणसांकडे एकदा पाहिलं. त्यांतल्या दोघांचे बाप त्यांच्या आईचं गाणं ऐकायला जायचे. मग अर्ज उचलून त्यांनी तो माझ्यापुढे नीट सरळ करून ठेवला, सहीची रिकामी जागा माझ्याकडे येईल असा. टाक माझ्याच हातात होता.

मी म्हणालो, “कोणी मिळालं की आणून द्या. घाई नाही.”

“बरं,” अंबूबाई म्हणाल्या. “नाही म्हणायलासुद्धा तुम्हाला इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं.” हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नसेल. मला लाजेतून वाचवण्यासाठी त्यांनी आवाज खाली घेतला होता. छत्री घेऊन त्या निघून गेल्या.

“कोण हो ही?” टेबलावरून कोणीतरी ठाऊक असूनही विचारलं.

“नवीन सभासद,” मी म्हणालो. तेही खरं नव्हतं.

बुधवारी बैठक झाली. बुवांनी विचारलं, “रायबागकर यांच्या शिष्याचं पत्र?”

“आलं नाही,” मी म्हणालो. हे मात्र अक्षरशः खरं होतं.

“मी म्हटलंच होतं. शिष्यच नाहीत.”

“शिष्य असतील,” मुजावरमास्तर पान जमवत म्हणाले. “घाबरट असतील.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. मी दोन वर्षं गुरुवारी त्या बाइंडरच्या पोराला तबला शिकवतोय. दुकानात वरच्या माळ्यावर. वरनं बोळ सगळा दिसतो.” त्यांनी माझ्याकडे न बघता पान तोंडात टाकलं. “काय काय पुस्तकं बांधायला येतात ओ, पत्की. बघून थक्क व्हायला होतं.”

मी वाट पाहत होतो. त्यांनी पुढे बोलावं असं मला वाटत होतं आणि बोलू नये असंही. त्यांनी सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर जन्मभर रागावलो असतो.

“मास्तर, तुम्हाला काही सांगायचं आहे का?” बुवांनी विचारलं.

“मला? छे. माझं नाव साठाच्या यादीत आहे,” मुजावर म्हणाले. “साठ रुपयांत गप्प बसणंही आलं. पत्कीसाहेब तर फुकट बसतात. त्यांचं कौतुक करा.”

यादी मंजूर झाली. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच ती लिहिली. तीन नावं, समोर योग्य शुल्क. ‘योग्य’ हाच शब्द राहिला होता. मगदूमआण्णांची मुलगी बुवांकडे पंचाहत्तर रुपयांत जाऊ लागली. आण्णा खूश होते. अंबूबाईंनी त्यांच्याकडून खरी कमाई घेतली असती तर त्यांना कितीतरी जास्त पडलं असतं.

यादी लागल्यावर दोन महिन्यांत नऊ मुली थांबल्या. अंबूबाई बहिणीकडे रायबागला गेल्या. मी पुन्हा त्या बोळात गेलो नाही. वाचनालयाची पुस्तकं पुढे हळूहळू फाटत गेली. त्यावर एका अध्यक्षांनी शेराही मारला. साताऱ्याच्या स्थळाने मला नाकारलं. मुलगा फार अबोल आहे म्हणाले.

बुवा गेले, मुजावरमास्तर गेले. मी निवृत्त होऊन कोल्हापूरला पुतण्याकडे आलो. मागच्या महिन्यात फोन आला. बोलणारी मुलगी म्हणाली, “आजोबा, मी शेरॉन. पास्कल बारदेस्करांची नात. मी आता मंडळाची सेक्रेटरी आहे.”

“मंडळ अजून आहे?”

“म्हणजे काय! एकशे चाळीस शिक्षक आहेत. आणि तुमचा तक्ताच वापरतो आम्ही. फक्त रुपये बदललेत. तुमचा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द.”

मी तिला विचारलं, शिष्याच्या पत्राचा रकाना अजून आहे का.

“आहे ना. त्यात कोणी अडकत नाही आता. झेरॉक्सच्या दुकानात तयार पत्र मिळतं, फक्त नाव घालायचं.” ती हसली. “एकच बाई अडकल्यात. रायबागच्या. खूप म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याकडे शिकणाऱ्या दोन मुली आमच्या स्पर्धेला आल्या आणि दोन्ही गटांत पहिल्या आल्या. पण बाई आमच्या यादीत नाहीत, म्हणून प्रमाणपत्रावर शिक्षकाचं नाव घालता येईना. मी स्वतः फोन केला, म्हटलं आजी, अर्ज करून टाका, लगेच घेतो. तर म्हणतात, अर्ज केलाय, एका पत्राचं उत्तर यायचं राहिलंय. ते आलं की बघू.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वयामुळे होतं असं,” शेरॉन म्हणाली. “हॅलो? आजोबा?”

मी तिच्याकडून पत्ता घेतला. त्या रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसलो, कारण रात्री मला काही सुचत नाही. पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. त्यात माझं बालपण होतं. दुसरा चार पानांचा, त्यात समाज होता. तिसऱ्यात क्षमा मागितली होती, इतक्या वेळा की वाचताना अंबूबाईंनाच माझं सांत्वन करावं लागलं असतं. त्यांनी मागितलं होतं ते यातलं काहीच नव्हतं. सहा दिवसांनी मी शेवटी लिहिलं ते एवढं:

‘अंबूबाई रायबागकर यांच्याकडे मी चार वर्षं गायन शिकलो. त्यांनी मला भूप पूर्ण, यमन बहुतेक पूर्ण आणि एक दादरा अर्धा शिकवला. तो अर्धा राहिला याचं कारण मी जायचा थांबलो. मोरेश्वर पत्की, बी. ए., ग्रंथपाल (निवृत्त).’

तारीख घालताना हात थांबला. जुनी घालावी का, असा विचार मनात येऊन गेला. मी आजची घातली. या पत्राने आता त्यांच्या अकरा मुली परत येणार नाहीत. त्या मुलींच्या मुलीही मोठ्या झाल्या असतील. आता त्याचा माझ्या अब्रूलाही धक्का नाही, कारण ती जपणारं कोणी उरलेलं नाही. म्हणूनच ते लिहिता आलं का? ही शंका मी पत्रात घातली नाही. ती त्यांना आधीपासून असणार.

सत्काराला येणार नाही असं शेरॉनला कळवणारं दुसरं पत्रही त्याच दिवशी लिहिलं होतं. ते अजून टेबलावर पडलं आहे. नाही म्हणायला मला वेळ लागतो. रायबागचं मात्र काल दुपारी पोस्टात टाकलं.